बाळाचं रडं आणि बाळंतिणीची पाठ

बाळंतिणीला तेल लावायला बसावं आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाळ रडावं, की तिची पाठ ताठ होते. आधी पाठ, मग मान, आणि मग ती तोंडाने म्हणते, "मावशी, रडतंय वाटतं." म्हणजे तोंडाच्या आधी पाठीला कळतं. हे मी कुठे वाचलेलं नाही. नाशकात जन्मभर बाळं-बाळंतिणींना न्हाऊ घातलं, त्यात हातांना कळलं.

या अंकाच्या संपादकांनाही मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे. तेव्हाही ते हट्टी होते. "मावशी, तुमच्या कामाचं लिहा," म्हणून वर्षभर मागे लागले, शेवटी मी लिहायला बसले. शाळेत मी गेले नाही. लोकांच्या घरचे तांबे, घंगाळं, बंब हाताळायचे, त्यांवर घरधन्याची नावं कोरलेली असत. कोणाचं भांडं ते ठाऊक असे, त्यावरून अक्षरं लावत गेले. त्यामुळे माझं अक्षर भांड्यावर कोरल्यासारखं आहे, जोडून येत नाही. छापणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं काम काय असे, ते आता दवाखान्यात बाळंत होणाऱ्या मुलींना समजावून सांगावं लागतं. सुईण वेगळी आणि मी वेगळी. सुईण बाळ जगात आणते आणि हात धुऊन घरी जाते. माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं ते सव्वा महिना. रोज सकाळी घरोघर जायचं. आधी बाळ. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, डाळीचं पीठ लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. मग टाळू भरायची, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, दुपट्यात गुंडाळायचं, की ते डोळे मिटतं. मग आई. तिला तेल, तिची आंघोळ, पोट बांधणं, बाजेखाली शेगडी ठेवून शेक. बाळाचं आधी उरकायचं ते याचसाठी, की ते झोपलं तर आई सुखाने अंग सोडते.

न्हाताना बाळ रडतंच. रडू द्या, छाती भरते, असं आम्हीच म्हणायचो. घरातल्या बायका कौतुकाने बघायच्या, आवाज केवढा आहे म्हणायच्या. पण भिंतीपलीकडे बसलेल्या आईचं त्या रडण्याने काय होतं, तिकडे कोणी बघत नसे. हातातला घास तसाच राहतो. तळव्यांना घाम सुटतो. ओटीपोटात कळ येते, जणू वेणाच परत आल्या. पान्हा फुटतो आणि चोळीवर दोन ओले डाग उमटतात. नाहीतर उलटंही होतं, छाती दगडासारखी दाटते आणि भीतीने थेंब बाहेर येत नाही.

कोणी स्वतःच रडायला लागते. कोणाला राग येतो. हो, राग. एका चांगल्या घरच्या सोशिक मुलीने मला खालच्या आवाजात सांगितलं होतं की कधी कधी वाटतं त्याचं तोंड दाबावं. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, आता मावशी ओरडणार म्हणून. मी म्हटलं, वाटतं बाई, पुष्कळ जणींना वाटतं. तसं वाटलं की बाळ दुसऱ्या कोणाच्या हातात दे आणि अंगणात जाऊन उभी राहा. ती खरोखर अंगणात जाऊन उभी राहायची. घरच्यांना वाटे, सून तुळशीची फार भक्त आहे.

भद्रकालीजवळ एक अत्तराचे व्यापारी राहत. त्यांची सून झुबेदा. तिचं स्वतःचं बाळ मांडीवर गाढ झोपलेलं असायचं आणि शेजारच्या घरातलं पोर रडलं की हिचा कुर्ता भिजायचा. सकाळपासून तिसरा कुर्ता बदलताना ती मला म्हणाली, "खाला, अब घर बदलूं के कान काट लूं?" तिची सासू हसून लोटपोट. मी तिला सांगितलं, अंगाला आपलं-परकं कळत नाही, ते फक्त रडणं ऐकतं. पुढे शेजारणीला ताप आला तेव्हा त्या पोराला झुबेदानेच पाजलं. कुर्ते वाया जायचे थांबले, असं ती म्हणायची.

पण सगळीकडे असं हसण्यावारी जात नसे. पंचवटीतल्या एका घरी बाळाच्या रडण्याने आईची झोपच उडाली. ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. घरच्यांनी तिला माहेरी धाडलं आणि बाळ नणंदेकडे ठेवलं. वाईट हेतू कोणाचा नव्हता. ती बरी होऊन परत आली तेव्हा पोर चालायला लागलं होतं. ते आत्याला आई म्हणायचं आणि हिने उचललं की भोकाड पसरायचं. पुढे ती त्याच घरात राहिली, पण पाहुणीसारखी. रस्त्यात भेटली की मला नेहमी एकच विचारायची, आता कोणाकडे जाताय न्हाऊ घालायला. मी घराचं नाव सांगितलं की म्हणायची, तिथल्या आईकडे लक्ष ठेवा हं.

हे मनात होतं म्हणून तांबट आळीतल्या यमुनेची मला इतकी काळजी लागली.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची, त्या दहा वर्षांतली गोष्ट. तेव्हा नाशिकची तांबट आळी दिवसभर वाजत असायची. वळणावरून टांगा आत शिरायच्या आधीच आवाज कानावर आदळायचा. मोठ्या हातोड्याने पत्रा खोलगट करायचे त्याचे जड ठोके, आणि त्यावर मठाराचे बारीक, भराभर. मठार म्हणजे तयार भांड्यावर छोट्या हातोडीने ठसे उठवणं, त्यानेच ती चकाकी येते. दारोदार हेच चाललेलं. आळीतली माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून बोलत, आणि बाहेरगावी गेली की उगीच मोठ्याने.

यमुनेच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पुढच्या पडवीत त्यांचा कारखाना, मागे घर. सासू काशीबाई, कामाला वाघ आणि जिभेला धार. थोरली सून सुंदरा, तिचंही पोर अजून अंगावर पीत होतं. यमुना धाकटी. तिचा नवरा बापापुढे तोंड उघडत नसे. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. बाप चांदवडच्या पलीकडे एका खेड्यात, तोही तांबट, पण एकटा. गावोगाव फिरून फुटक्या भांड्यांना डाग द्यायचा. आईवेगळी पोर शांत घरात वाढलेली. या आळीत येऊन तिला वर्षच होत होतं.

मुलगा झाला, बारसं झालं, सगळं बरं चाललं होतं. बारशानंतर बायका बाळ बघायला येऊ लागल्या. एका सकाळी काशीबाईंनी बाळ पुढच्या पडवीशेजारच्या खोलीत नेऊन निजवलं आणि पाहुण्या चहाला मागे बसल्या. यमुना अगदी आतल्या खोलीत जेवत होती. बाहेर पाण्याच्या मोठ्या हंड्याचं काम चाललं होतं. बाळ भुकेने उठलं आणि रडलं. ठोक्यांत कोणालाच ऐकू गेलं नाही. कोणीतरी सहज बघायला गेलं तेव्हा रडून रडून त्याचे ओठ निळे झाले होते आणि आवाज बसला होता.

काशीबाई घाबरल्या. घाबरल्या की त्या बोलायच्या. बाळ घेऊन आत गेल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सुनेला म्हणाल्या, "आई ना तू? कानात काय शिसं ओतून बसलीस?"

यमुनेने ताट बाजूला सारलं. तिने बाळ घेतलं. मी तिथेच पोटपट्टीची घडी करत होते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. पाहुण्यांतल्याही कोणाला ऐकू गेलं नव्हतं, पण ते विचारायची रीत नव्हती. रडणं ऐकायचं काम आईचं.

दुसऱ्या दिवसापासून तिला रडणं ऐकू यायला लागलं. सारखं.

मी तेल लावत असे. बाहेर हातोडे चालू. एकदम तिची पाठ लाकूड व्हायची आणि ती तेलकट अंगाने उठायची, "रडतंय." मी जाऊन बघून यायची. बाळ सुंदरेजवळ गाढ झोपलेलं असायचं. येऊन सांगायची, ती बसायची, हात फिरवावा तोवर पुन्हा ताठ. ताटातली भाकरी तशीच राहू लागली. पाणी प्यायलासुद्धा ती दाराकडे तोंड करून बसे. झोप नाही, खाणं नाही, मग दूध कुठून राहणार. अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले, पान्हा आटतच चालला. काशीबाईंनी त्र्यंबकेश्वराहून अंगारा आणवला. लावला, काही फरक नाही. मग घरात हळू आवाजात म्हणायला लागले की पोरीला बाहेरचं काही झालंय, नाहीतर डोक्यात फरक पडलाय.

अण्णा वेगळा माणूस.  एक दिवस शेजारच्या दोन्ही कारखानदारांकडे गेले आणि ठरवून आले की दुपारची जेवणं झाल्यावर ऊन कलेपर्यंत हातोडा चालायचा नाही. सुनेला झोप मिळू दे. लग्नसराईचं काम अंगावर, गिऱ्हाइकं दारात, आणि हे लोक हात बांधून बसायचे. शेजारच्यांनी अण्णांची थट्टा केली, पण पाळलं. तांबट आळीत असं कोणी कोणासाठी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या शांत वेळात बाळ यमुनेजवळ निजवायचे, म्हणजे दोघं मायलेकरं झोपतील.

आणि बाळ नेमकं तेव्हाच रडायला लागलं. मी दुपारच्या शेकाला जायची तेव्हा बघायची. हातोडे थांबले, पोर आईच्या कुशीत दिलं, की थोड्या वेळात किंचाळणं सुरू. पाजलं तरी रडे, फिरवलं तरी रडे. यमुना त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहायची. ऊन कललं, काम पुन्हा सुरू झालं, बाळ सुंदरेने घेतलं, की चिडीचूप. सकाळ-संध्याकाळ सुंदरेजवळ शांत, दुपारी आईजवळ आकांत, रात्री दमून झोप. रोज तेच. घरच्यांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. "पोराला आईचं अंग मानवत नाही," काशीबाई म्हणाल्या. सुंदरा वाईट नव्हती, पण तिलाही जरा चढलं होतं. "माझ्याकडे बघा कसं गुपचूप असतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

सगळ्यात वाईट म्हणजे यमुनेलाही ते पटलं. मला म्हणाली, "मावशी, त्याला मी नकोय." रडत नव्हती. भाजी संपली असं सांगावं तसं सांगितलं.

मग ठरलं. बाळाला सुंदरा पाजेल. यमुनेला बापाकडे पाठवायचं, बरी होईपर्यंत. आग्रा रोडवरच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप गेला, आणि उलट निरोप आला की अमावास्येला निघणार नाही, ती टळली की दुसऱ्या दिवशी न्यायला येतो.

मला पंचवटीतली ती बाई डोळ्यांसमोर दिसू लागली. मी काशीबाईंना एकटं गाठून म्हटलं की दूध एकदा आटलं की परत यायचं नाही, आणि पोर एकदा दुसऱ्या अंगावर वाढलं की तेही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "द्वारकाबाई, तुम्ही न्हाऊ घालायला येता ना?" म्हणजे तेवढंच करा. मी तेवढंच करायला लागले.

अमावास्येला तांबट आळी बंद. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. सकाळी मी आळीत शिरले आणि जरा बावरलेच. इतकं शांत, की माझ्या जोड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. आणि त्या शांततेत, लांबूनच, अण्णांच्या घरातून बाळाचं रडणं.

ते सुंदरेच्या खांद्यावर होतं. उजाडल्यापासून रडतंय म्हणाली. तिने पाजलं होतं, काशीबाईंनी गुटी उगाळून दिली होती, पोट शेकलं होतं. सुंदरेचे केस सुटलेले, डोळे लाल. "काल तर काही नव्हतं हो," असं सारखं म्हणत होती. मी न्हाऊ घातलं, धुरी दिली. रोज दुपटं गुंडाळता गुंडाळता झोपणारं पोर तसंच रडत राहिलं. परत सुंदरेकडे दिलं आणि यमुनेला तेल लावायला बसले. ती रडणं ऐकत होती, म्हटलं आज हिची पाठ काही सुटायची नाही.

पण वेगळंच झालं. बाळ रडलं की पाठ ताठ व्हायची, हे खरं. पण ते दम घ्यायला थांबलं की पाठही सैल व्हायची. पुन्हा रडलं, पुन्हा ताठ. थांबलं, सैल. इतक्या दिवसांत तिची पाठ सैल झालेली मला लागली नव्हती.

मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "मावशी, आज एकच रडतंय."

मला कळलं नाही. म्हटलं, एकच म्हणजे?

"रोज खूप रडत असतात. ठोक्याठोक्यात रडतात. कोणतं आपलं ते कळत नाही. आज एकच आहे, आणि ते थांबतं तेव्हा थांबतं."

असं म्हणून ती उठली, तेलाचे हात पदराला पुसले आणि सुंदरेपुढे जाऊन उभी राहिली. "ताई, द्या." सुंदरेने दिलं. इतकी दमली होती की कोणालाही दिलं असतं. यमुना भिंतीला टेकून बसली आणि पाजायला घेतलं. चोळी ओली झालेली मी पाहिली. भरपूर नव्हे, पण झाली. पोर चुटुचुटु प्यायलं, आणि पोट भरल्यावर पुन्हा रडायला लागलं.

मी आपलं तिच्या आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायला लागले. हात तेलकट, तांब्या निसटला आणि तांब्याच्या घंगाळावर आपटला. ठण्ण.

बाळ गप्प झालं.

काशीबाई दारात होत्या, त्या वळल्या. बाळ पुन्हा सुरू झालं. मी तांब्या उचलला आणि मुद्दाम घंगाळाच्या काठावर मारला. गप्प. यमुना माझ्याकडे बघायला लागली. बाळ तसंच खांद्यावर टाकून ती घंगाळाशी आली, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि मारायला लागली. ठण्, ठण्, ठण्, ठण्, बाहेर मठार चालतो त्याच लयीत. तांबटाचीच मुलगी ती. पोराने एक उसासा टाकला आणि तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं.

आवाज ऐकून अण्णा मधल्या दारात आले. कपाळाला आठ्या. "अमावास्येला माझ्या घरात ठोकाठोकी कोण करतंय?"

"हातोडा नाही अण्णा, तांब्या आहे," सुंदरा म्हणाली.

यमुनेने हात थांबवला. बाळाने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं. तिने पुन्हा सुरू केलं. ते मिटले. अण्णांनी हे दोनदा पाहिलं. मग चौकटीला हात लावून उभे राहिले. नऊ महिने त्या पोराने पोटात दुसरं ऐकलंच काय होतं.

"म्हणजे दुपारी मी हातोडे थांबवत होतो, ते..." अण्णा म्हणाले.

काशीबाई सहज ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, मग काय आता पोरासाठी दिवसभर घंगाळ बडवत बसायचं? सुंदरा म्हणाली, "आपल्या घरात दुसरं करतात काय?" सगळे हसले, यमुनासुद्धा. काशीबाई हसल्या नाहीत. उद्या तिचा बाप यायचाय, त्याला मुद्दाम बोलावून घेतलंय, त्याला काय सांगायचं, असं म्हणून त्या चुलीकडे गेल्या.

आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. पोराला आवाज हवा आणि आईला आवाज नको, अशी गाठ पडली होती. उद्या हातोडे सुरू झाले की बाळ झोपणार, आणि यमुनेला पुन्हा ठोक्याठोक्यात रडणी ऐकू येणार. मग आज कळून उपयोग काय? मी घरी जाताना हाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी गेले तर आळी नेहमीसारखी दणाणत होती. बाळाचा पाळणा सुंदरेच्या खोलीतून यमुनेच्या खोलीत आणून टांगलेला. अण्णांनी भट्टीच्या भात्याची एक जुनी दोरी काढून दिली होती. भाता ओढणारा माणूस दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवतो म्हणजे हात कामाला मोकळे राहतात, तशीच पाळण्याची दोरी हिने अंगठ्याला अडकवावी, बसल्या बसल्या झोका देता येईल, एवढाच त्यांचा हेतू.

मी बाळाला न्हाऊ घातलं. हातोड्यांच्या आवाजात ते लगेच झोपलं. पाळण्यात ठेवलं, दोरी यमुनेच्या अंगठ्यात, आणि तेल लावायला घेतलं. थोड्या वेळाने पाठ ताठ झाली. "मावशी, रडतंय." मी उठणार तोच तिने पायाकडे पाहिलं. दोरी सैल लोंबत होती. बाळ रडलं असतं तर हातपाय झाडले असते, पाळणा हलला असता, दोरी ओढली गेली असती. ती दोरीकडे बघत राहिली. "नाही," म्हणाली. स्वतःशीच. पुन्हा एकदा ताठ झाली, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं, पुन्हा सैल. मग बघायची थांबली. कानाचं काम अंगठ्याने घेतलं. माझ्या हाताखाली तिची पाठ भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी मऊ होत गेली, आणि ती बसल्या जागी कलंडून झोपली. अंगावर तेल तसंच, केस मोकळे. मी तिच्या डोक्याखाली चोळामोळा करून लुगडं दिलं. घंगाळातलं पाणी निवत चाललं होतं, निवू दिलं.

तेवढ्यात तिचा बाप आला. उन्हाने रापलेला, बारीक माणूस, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. दाराशीच थांबला. मी त्याला खुणेनेच आत बोलावलं. त्याने मुलीकडे पाहिलं, अंगठ्यातल्या दोरीकडे पाहिलं.

"निजली हाय?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "बरेच दिस निजली नव्हती व्हय?" मी नाही म्हटलं. त्याने गाठोडं हळूच कोपऱ्यात ठेवलं आणि मागच्या पावली बाहेर गेला. मी दारातून पाहिलं तर तो अण्णांशेजारी जाऊन बसला होता. अण्णांनी त्याच्यापुढे मठारायचा एक हंडा सरकवला. "लय दिसांत चार लोकांसंगं ठोकलं नाय," असं काहीसं म्हणत त्याने हातोडी घेतली. आळीच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला.

काशीबाई आत आल्या, तिला उठवायला. बाप आलाय, सामान बांधायचं, असं तोंडावर आलंच होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. सुनेला झोपलेलं त्यांनीही बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं.

दोरी ओढली गेली. एकदा, मग भराभर. पाळण्यात बाळाने तोंड वासलेलं मला दिसलं, पण शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू काही आलं नाही, इतके हातोडे. आम्ही दोघी पुढे व्हायच्या आत यमुना उठून बसलेली होती. डोळे नीट उघडलेले नव्हते. पाळण्यातून बाळ काढून तिने पदराखाली घेतलं तेव्हा तिची चोळी दोन्हीकडे भिजलेली होती, आणि ते काशीबाईंनी पाहिलं. यमुनेने आम्हाला पाहिलंच नाही. पाजता पाजता तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

काशीबाई बाजेकडे वळल्या. सुनेच्या कपड्यांची ट्रंक बाजेखालून अर्धी ओढून ठेवलेली होती, ती त्यांनी पायाने परत आत सरकवली. मग पडवीत गेल्या. मी निवलेलं पाणी बदलायला त्यांच्या मागेच होते, म्हणून ऐकू आलं. ठोक्यांच्या वर आवाज काढून त्या यमुनेच्या बापाला म्हणाल्या, "जेवून जा. आणि एकटेच जा."

त्याने वर पाहिलं, मान हलवली, आणि हंडा गुडघ्यात धरून पुन्हा ठोकायला लागला.